मेंदूमृत्यू, अवयवदान आणि इस्लाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूच्या दाराशी नातेवाईक जे विचारतात त्यात खरे तर दोन प्रश्न असतात. अवयव देणे शरियतला मंजूर आहे का, हा एक. आणि ज्याचे अवयव मागितले जात आहेत तो माणूस मेला आहे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर जगभरातल्या बहुसंख्य उलेमांचे (धर्मपंडितांचे) मत एका बाजूला झुकले आहे. दुसऱ्यावर तसे झालेले नाही. खालची उत्तरे वाचताना यातल्या कोणत्या प्रश्नाबद्दल बोलणे चालू आहे तेवढे ध्यानात ठेवा.

थोडक्यात सांगा, अवयवदान जायज आहे की नाही?

बहुतेक मोठ्या फिकह (इस्लामी कायदाशास्त्र) संस्थांनी ते अटींसह जायज, म्हणजे शरियतला मंजूर, ठरवले आहे. तुर्कस्तानच्या धार्मिक व्यवहार विभागाने १९८० मध्ये, सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ उलेमा मंडळाने १९८२ मध्ये, आणि ओआयसी या मुस्लिम देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८८ मध्ये जेद्दाच्या बैठकीत. अटी साधारण सारख्याच आहेत : रुग्णाची गरज खरी असावी, दुसरा उपाय नसावा, दात्याची किंवा त्याच्या वारसांची संमती असावी आणि पैशांचा व्यवहार नसावा. नाजायज म्हणणारे उलेमाही आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ते पुढे येईल.

मेंदूमृत्यू म्हणजे कोमाच ना?

नाही. कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, तो कधी कधी शुद्धीवरही येतो. वर्षानुवर्षे डोळे उघडे ठेवून पडून राहणारा रुग्णही बहुधा स्वतःचा श्वास स्वतः घेत असतो. मेंदूमृत्यूत मस्तिष्कस्तंभ, म्हणजे श्वास आणि शुद्ध सांभाळणारा मेंदूचा बुंधा, कायमचा बंद पडलेला असतो. अपघातातली डोक्याची इजा किंवा मेंदूतला मोठा रक्तस्राव ही नेहमीची कारणे. कवटीच्या आत दाब इतका वाढतो की मेंदूत रक्तच पोहोचत नाही.

तपासणीआधी गुंगीच्या औषधांचा अंमल, विषबाधा, अंगाचे तापमान फार उतरणे ही सगळी कारणे बाजूला काढावी लागतात, कारण त्यांनी मेंदूमृत्यूचा आभास होऊ शकतो. मग बाहुल्यांवर प्रकाश, बुबुळाला कापसाचा स्पर्श, घशातली उबळ, कानात थंड पाणी अशा एकेक प्रतिक्रिया पाहतात. शेवटी श्वासाची चाचणी. ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला करतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मस्तिष्कस्तंभात थोडीही धुगधुगी असेल तर त्या पातळीला छाती हललीच पाहिजे. हलली नाही, तर तो बुंधा गेला.

पण हृदय धडधडते आहे, अंग गरम आहे. हा माणूस मेला कसा?

सगळ्या वादाचे मूळ याच प्रश्नात आहे, आणि तो विचारणारा अडाणी नसतो. हृदयाला ठोक्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात विजेचे ठोके देणारी स्वतःची गाठ आहे. व्हेंटिलेटरमुळे ऑक्सिजन मिळत राहिला की ते काही काळ चालत राहते. पाठीच्या कण्यातून येणाऱ्या प्रतिक्रियांमुळे हातपायही हलू शकतात, आणि ते पाहणाऱ्या आईला कोणी काही समजावू शकत नाही.

डॉक्टरांच्या जगातही ही व्याख्या तशी नवीच. हार्वर्डच्या समितीने ती १९६८ मध्ये मांडली. त्याआधी मृत्यू म्हणजे श्वास आणि नाडी थांबणे, एवढेच सर्वांना ठाऊक होते. व्हेंटिलेटर आला आणि जे एकत्र थांबायचे ते वेगवेगळे थांबू लागले.

कुराणात मृत्यूची व्याख्या दिली आहे का?

वैद्यकीय अर्थाने नाही. मृत्यू म्हणजे रूह (आत्मा) शरीर सोडून जाणे, हे सर्व मुसलमान मानतात. पण रूह कोणत्या क्षणी गेली हे कोणत्या खुणेवरून ओळखायचे, ते कुराण सांगत नाही. उलट सूरह इस्राच्या ८५व्या आयतीत रूहबद्दल माणसाला फार थोडे ज्ञान दिले आहे असे म्हटले आहे. म्हणून जुन्या फकीहांनी, म्हणजे फिकहच्या पंडितांनी, अनुभवाच्या खुणा नोंदवल्या : पाय सैल पडणे, नाक एका बाजूला कलणे, कानशिले खोल जाणे, चेहऱ्याची कातडी ताणली जाणे. शंका असेल तर वाट पाहावी, असेही त्यांनी लिहून ठेवले. या खुणा वह्य (ईश्वरी संदेश) म्हणून आलेल्या नाहीत, त्या काळातल्या जाणकारांच्या निरीक्षणातून आल्या आहेत. मेंदूमृत्यू मानणारे म्हणतात, तेव्हाच्या जाणकारांचे ऐकले तसे आजच्या जाणकारांचे ऐका.

मेंदूमृत्यू मान्य करणारे उलेमा आणखी काय आधार देतात?

१९८५ च्या जानेवारीत कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकविज्ञान संघटनेने उलेमा आणि डॉक्टर यांना एकत्र बसवले. तिथे फिकहमधली एक जुनी कल्पना पुढे आली : जबह झालेल्या जनावराची हालचाल. गळा कापल्यावरही जनावर तडफडते, पण त्या तडफडीला फकीह जीव मानत नाहीत. माणसाबद्दलही हा विचार जुन्या ग्रंथांत आहे. एकाने कोणाला असे जखमी केले की त्याच्यात फक्त तशी तडफड उरली, आणि मग दुसऱ्याने त्याचा गळा कापला, तर खुनी कोण? पहिला. कारण दुसऱ्याने मारला तो आधीच मेलेल्याच्या हिशेबातला होता. मस्तिष्कस्तंभ मेलेल्या माणसाचे व्हेंटिलेटरवरचे ठोके हे त्याच प्रकारातले, असा कौल कुवेतच्या बैठकीचा होता.

पुढच्याच वर्षी, १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये, ओआयसीच्या फिकह अकादमीने जॉर्डनमधल्या अम्मान इथे ठराव केला. हृदय आणि श्वास पूर्णपणे थांबले आणि ते परत येणार नाहीत असे डॉक्टरांनी ठरवले, किंवा मेंदूची सर्व कार्ये पूर्णपणे थांबली, ती परत येणार नाहीत असे तज्ज्ञांनी ठरवले आणि मेंदूचा ऱ्हास सुरू झाला, तर यापैकी कोणत्याही एका स्थितीत माणूस शरियतनुसार मृत. मृत्यूचे सर्व नियम त्या क्षणापासून लागू.

इथे एक खोच आहे. ठराव सर्व कार्यांबद्दल आणि ऱ्हासाबद्दल बोलतो. खाटेजवळच्या चाचण्या ऱ्हास मोजत नाहीत. आणि मेंदूमृत ठरलेल्या काही रुग्णांत मेंदूचा एक छोटा भाग संप्रेरके सोडत राहतो. ब्रिटनमध्ये मस्तिष्कस्तंभ गेला की पुरे, भारताच्या १९९४ च्या कायद्यातही तेच, तर अमेरिकेत संपूर्ण मेंदूची अट लिहिलेली आहे. म्हणजे ठरावाची भाषा आणि दवाखान्यातली रीत तंतोतंत जुळत नाहीत. ठरावाचा हवाला देणारे बहुधा हे सांगत नाहीत.

आणि अमान्य करणारे?

त्यांचा मुख्य आधार एक सर्वमान्य कायदा आहे : खात्री शंकेने जात नाही. माणूस जिवंत होता ही खात्री. मेंदू बंद पडल्याने तो मेला का, याबद्दल शंका. तर शंका फिटेपर्यंत तो जिवंतच धरायचा. जीव हिरावण्याच्या बाबतीत तर ही सावधगिरी आणखी कडक.

दुसरा दाखला सूरह कहफचा. गुहेतले तरुण ३०९ वर्षे बेशुद्धीसारख्या झोपेत होते, त्यांना कसलीही जाणीव नव्हती, तरी कुराण त्यांना मृत म्हणत नाही. म्हणजे नुसती जाणीव जाणे हा मृत्यू नव्हे. यावर उत्तर देता येते. ते श्वास घेत होते, कूस बदलत होते, आणि तो अल्लाहचा चमत्कार होता. पण दाखल्याचा रोख जाणीव आणि जीव यांना वेगळे ठेवण्याकडे आहे, आणि तो मुद्दा उत्तराने संपत नाही. व्हेंटिलेटरवर मेंदूमृत गर्भवतीच्या पोटात गर्भ आठवडे, महिने वाढल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. तिला प्रेत म्हणायला जीभ रेटत नाही, असे हे उलेमा म्हणतात.

मग दोघांच्या मधला काही मार्ग?

आहे, आणि बऱ्याच घरांना तोच परवडतो. मुस्लिम वर्ल्ड लीगच्या मक्केतल्या फिकह अकादमीने १९८७ मध्ये ठरवले : तीन तज्ज्ञ डॉक्टरांनी मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचा निर्वाळा दिला तर व्हेंटिलेटर काढायला हरकत नाही. पण शरियतनुसार मृत्यू तेव्हाच, जेव्हा यंत्र काढल्यावर श्वास आणि हृदय पूर्ण थांबेल. म्हणजे उपचार थांबवण्यासाठी मेंदूमृत्यू पुरेसा, मृत घोषित करण्यासाठी नाही.

व्हेंटिलेटर काढला तर आपण खून केला असे होत नाही?

अम्मानचा ठराव असो की मक्केचा, मेंदूमृत्यू ठरल्यावर यंत्र काढण्याला दोन्हीकडे परवानगी आहे. एका मते तो आधीच मृत असतो, दुसऱ्या मते आपण फक्त निष्फळ उपचार थांबवतो. मेंदूमृत्यू ठरलेला नसताना यंत्र काढणे हा पूर्ण वेगळा विषय आहे, त्याला हे ठराव लावू नयेत.

मृत्यूची वेळ कोणती धरायची? त्याने काय फरक पडतो?

खूप. विधवेची इद्दत (पुनर्विवाहाआधीचा प्रतीक्षाकाळ) चार महिने दहा दिवसांची, ती कधी सुरू झाली? वडील मेंदूमृत ठरून तीन दिवस व्हेंटिलेटरवर आहेत आणि त्याच दिवसांत मुलगा अपघातात गेला. अम्मानच्या ठरावाप्रमाणे वडील आधी गेले, म्हणून मुलगा त्यांचा वारस झाला आणि त्याचा हिस्सा त्याच्या बायकामुलांकडे जाईल. मक्केच्या मताप्रमाणे मुलगा आधी गेला, वडील त्याचे वारस, आणि सगळी वाटणी उलटी. अवयवदानाचा विचारही न करणाऱ्या घराला हा प्रश्न भेटू शकतो. दाखल्यावर वेळ कोणती लिहिली आहे ते पाहून ठेवा आणि वाटणीआधी जाणकार आलिमला दाखवा.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. जे आपले नाही ते दान कसे करणार?

विरोधी बाजूचा हा सर्वांत वजनदार प्रश्न. इजिप्तचे लोकप्रिय प्रवचनकार शेख शारावी यांनी तो ठासून मांडला, आणि इजिप्तमध्ये अवयवदानाचा कायदा व्हायला २०१० साल उजाडले. पाकिस्तानचे मुफ्ती मुहम्मद शफी यांचाही याच धर्तीवर विरोध होता.

जायज म्हणणारे अमानत नाकारत नाहीत. ते म्हणतात, संपत्तीही अल्लाहचीच, तरी ती त्याच्या वाटेत खर्च करायला सांगितली आहे. अमानतदाराला मालकाच्या मर्जीप्रमाणे वापर करता येतो, आणि मालकाची मर्जी सूरह माइदाच्या ३२व्या आयतीत आहे : ज्याने एक जीव वाचवला त्याने जणू साऱ्या मानवजातीला वाचवले. माझ्या मते अमानतीच्या मुद्द्याने विक्री निश्चित बाद होते. दान बाद होते का, ते तितके स्पष्ट नाही.

मय्यतीची चिरफाड म्हणजे विटंबना नाही का?

मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखे आहे, ही हदीस (पैगंबरांचे वचन) अबू दाऊदच्या संग्रहात आहे, आणि मय्यतीची इज्जत हा मोठा मुद्दा आहे. परवानगी देणारे त्यावर दाखवतात की फकीहांनी गरजेपोटी याला अपवाद आधीच केले आहेत. गर्भवती मेली आणि पोटातले मूल जिवंत असेल तर तिचे पोट चिरून मूल काढावे, असे हनफी आणि शाफई फकीहांनी सांगितले. मालिकी आणि हंबली परंपरेत यावर कडक विरोध आहे, म्हणजे हा वाद अवयवदानाच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

अर्फजा नावाच्या सहाबींचे, म्हणजे पैगंबरांच्या एका सोबत्याचे, नाक युद्धात गेले होते. त्यांनी चांदीचे बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी सोन्याचे बसवायला सांगितले, एरवी पुरुषाला सोने वर्ज्य असताना. गरज निषिद्धालाही मुभा देते, या तत्त्वासाठी हा दाखला देतात. शस्त्रक्रियेनंतर शरीर नीट शिवून, स्वच्छ करून दिले जाते, हेही सांगायला हवे. अवयव काढणे आणि सूडाने प्रेत विद्रूप करणे यांना एका पंगतीत बसवता येत नाही.

कयामतच्या दिवशी अपुऱ्या शरीराने उठावे लागेल का?

सहीह मुस्लिम या हदीस संग्रहात एक हकीकत आहे. मदिनेला हिजरत (स्थलांतर) करून आलेल्या एकाने आजारपण असह्य होऊन बोटांची पेरे कापली आणि रक्त जाऊन तो मेला. सहाबी तुफैल इब्न अम्र यांना तो स्वप्नात दिसला. हालत चांगली होती, पण हात झाकलेले. त्याला सांगितले गेले होते, तू जे बिघडवलेस ते आम्ही दुरुस्त करणार नाही. विरोधक इथवर सांगतात. हकीकत पुढे आहे : हे ऐकून पैगंबरांनी त्याच्या हातांसाठीही माफीची दुआ केली. शिवाय तो स्वतःला इजा करत होता, दुसऱ्याला वाचवत नव्हता. जळून, बुडून, श्वापदाच्या तोंडी सापडून गेलेल्यांनाही अल्लाह उठवणार आहे. सूरह कियामामध्ये तर बोटांची टोकेही पुन्हा जुळवू असे म्हटले आहे.

शिया पंथात काय मत आहे?

तिथेही एक मत नाही. इराणमध्ये आयतुल्ला खोमेनी यांच्या फतव्याने वाट मोकळी झाली आणि २००० मध्ये संसदेने मेंदूमृत दात्यांबद्दल कायदा केला. इराकमधल्या नजफचे आयतुल्ला सिस्तानी मात्र मेंदूमृत माणसाला मृत मानत नाहीत. तुम्ही ज्यांचे अनुकरण करता त्यांचे मत पाहा.

भारतीय उपखंडातले उलेमा अरब उलेमांपेक्षा कडक का वाटतात?

कारण ते आहेत. देवबंदच्या मदरशातून आलेल्या देवबंदी परंपरेत माणसाच्या अंगाचा वापर हाच त्याच्या इज्जतीविरुद्ध मानण्याकडे कल आहे. इस्लामिक फिकह अकादमी, इंडियाने १९८९ मध्ये पहिल्याच परिषदेत हा विषय घेतला. स्वतःच्या जिवाला धोका नसताना जिवंतपणी किडनी देण्याला वाट दिली, पण मेल्यावर अवयव द्या अशा सूचनेला शरियतच्या अर्थाने वसीयत (मृत्युपत्र) मानले नाही. दुसरीकडे पाकिस्तानचे समाजसेवक अब्दुल सत्तार एधी यांनी २०१६ मध्ये जाताना डोळे दान केले, आणि त्यांच्या जनाजाला गर्दी लोटली.

मेंदूमृत्यू पटत नसेल तर दानाचा विषय संपला?

मुळीच नाही. बुबुळाच्या पारपटलासाठी (कॉर्नियासाठी) मेंदूमृत्यू लागतच नाही. हृदय थांबल्यावर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान होते. त्वचाही देता येते. मृत्यूच्या व्याख्येचा वाद इथे लागूच होत नाही, आणि तरी वर्षानुवर्षे लोक त्याच वादापायी नेत्रदानही टाळतात. हे मला फार खटकते.

काही देशांत हृदय थांबल्यानंतर, बहुधा पाच मिनिटे वाट पाहून, किडनी आणि यकृत काढतात. ब्रिटनमध्ये १९९५ मध्ये मुस्लिम कायदा परिषदेने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू मान्य केला होता. २०१९ मध्ये तिथल्याच मुफ्ती मोहम्मद जुबेर बट यांनी सविस्तर फतव्यात अवयवदान जायज म्हटले, पण मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू पुरेसा मानला नाही, रक्ताभिसरण कायमचे थांबण्याची अट घातली. अर्थात पाच मिनिटांत ते कायमचे थांबले असे म्हणता येते का, हाही वाद आहेच.

जिवंतपणी किडनी द्यावी का?

बहुतेक उलेमा परवानगी देतात, दात्याला गंभीर धोका नसेल तर. यकृताचा तुकडाही चालतो, तो पुन्हा वाढतो. ज्याने दात्याचा जीव जाईल किंवा एखादी मूलभूत क्षमता पूर्ण जाईल असा अवयव जिवंताकडून घेणे हराम. म्हणून दोन्ही डोळ्यांची पारपटले जिवंतपणी देता येत नाहीत.

कोणता अवयव मेल्यावरही देता येत नाही?

वृषण आणि अंडाशय. ओआयसीच्या अकादमीने १९९० मध्ये ते हराम ठरवले, कारण त्यांतून दात्याचे आनुवंशिक गुण पुढच्या पिढीत जातात आणि वंश मिसळतो.

अवयव विकला तर?

हराम. सुन्नी फिकह संस्थांत यावर वाद नाही. रुग्णाला नाइलाजाने पैसे मोजावे लागले तर त्याचे पाप किती, एवढाच प्रश्न उलेमांनी चर्चेला घेतला आहे. इराणमध्ये जिवंत किडनीदात्याला सरकारी योजनेतून मोबदला मिळतो, ती त्या देशाची वेगळी वाट.

गैरमुस्लिमाला द्यावा का, त्याचा घ्यावा का?

बहुसंख्य मत दोन्हीला होकार देणारे आहे. दुसऱ्याची किडनी अंगात आली म्हणून ईमान बदलत नाही.

देणे नाजायज म्हणायचे आणि गरज पडली की घ्यायचे, हे चालते?

फिकहच्या भाषेत चालू शकते. घेणाऱ्याची मजबुरी वेगळी, देणाऱ्याचा हक्क वेगळा. पण समाज म्हणून ते पेलत नाही. नकार नोंदवला नसेल तर संमती धरणाऱ्या १९८७ च्या अवयवदान कायद्यातून सिंगापूरने मुसलमानांना वगळले होते. परिणामी, स्वतःहून नाव नोंदवले नसेल तर प्रतीक्षा यादीतही ते मागे राहत. तिथल्या उलेमांनी भूमिका बदलली आणि २००८ पासून मुसलमान कायद्यात आले.

अवयवांसाठी डॉक्टर घाईने मृत ठरवतील, ही भीती?

भीती समजण्यासारखी आहे, म्हणूनच कायदे मृत्यू ठरवणारे आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर वेगळे ठेवतात. भारतात चार डॉक्टरांची सही आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी लागते. दुसऱ्या तपासणीचे कागद दाखवा, असे म्हणण्याचा नातेवाइकांना संकोच वाटू नये.

संमती कोणाची?

मृताने जिवंतपणी दिलेली, नाहीतर वारसांची. बेवारस असेल तर शासनाची, असे १९८८ चा ठराव म्हणतो. मृताने स्पष्ट नकार दिला असेल तर वारसांनी तो मोडू नये. कार्ड भरले असले तरी प्रत्यक्षात घरच्यांनाच विचारले जाते.

मौलानांना नेमके काय विचारावे?

अवयवदान जायज आहे का, एवढेच विचाराल तर हो किंवा नाही मिळेल आणि तुमचा प्रश्न तसाच राहील. असे विचारा : तुम्ही मेंदूमृत्यूला मृत्यू मानता का? मानत नसाल तर यंत्र काढायला परवानगी आहे का? हृदय थांबल्यावर डोळे किंवा किडनी दिली तर चालेल का? डॉक्टरांचा अहवाल सोबत ठेवा. अनेक मौलानांना कोमा आणि मेंदूमृत्यू एकच आहे असे वाटते, आणि मग त्यांचे उत्तर कोमाबद्दलचे असते.

गुस्ल (मय्यतीची आंघोळ), जनाजा, दफन यांना किती उशीर होतो?

बहुधा काही तास ते एखादा दिवस, कारण वेगवेगळ्या रुग्णालयांचे पथक जमवावे लागते. दफन लवकर करणे सुन्नत (पैगंबरांचा प्रघात) आहे, पण खऱ्या कारणाने थोडा उशीर झाला तर बहुतेक उलेमा हरकत घेत नाहीत. नेत्रदानाला तर फार थोडा वेळ लागतो. टाके नीट झाकून गुस्ल नेहमीसारखाच देता येतो, आणि काही स्राव होत असेल तर तिथे कापूस ठेवून कफन बांधतात.